डी.सी. म्हणजे काय, हे कागद कोणाचा त्यावर ठरतं

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी मला एका कागदाचा फोटो पाठवलाय. त्यांची मुलगी कीबोर्डच्या तिसऱ्या ग्रेडच्या परीक्षेला बसते आहे, आई भजनी मंडळात पेटी धरतात, आणि स्वतः हे गृहस्थ यंदा सोसायटीच्या गणपतीत साउंडचं बघणार आहेत. तिघांच्या वह्यांतून, पुस्तकांतून आणि मिक्सरवरून गोळा केलेली अक्षरं त्यांनी एकाखाली एक उतरवली आहेत: डी.सी., डी.एस., पी, एमएफ, रिट., एम.एम., बीडब्ल्यूव्ही, पीएफएल, एक्सएलआर, डीबी, मिडी, ईपी आणि आणखी बरीच. खाली प्रश्न: "ताई, शोधायला गेलं की प्रत्येकाचे पाच-सात अर्थ निघतात. त्यातला खरा कोणता? आणि सगळ्यांची मिळून एक पक्की यादी कुठे मिळेल?"

यादी मिळेल हो, पण तिचा उपयोग नाही. मी ठाण्याला नौपाड्यात कीबोर्ड शिकवते. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, स्टुडिओत वादकांसाठी नोटेशनचे कागद लिहिले. या सगळ्यात एक गोष्ट कळली. लघुरूप हे घरातल्या हाकेच्या नावासारखं असतं. घरात 'बाळू' म्हटलं की एकच माणूस वळून बघतो. तीच हाक संध्याकाळी सात वाजता गोखले रोडवर मारून बघा. म्हणून अर्थ शोधण्याआधी विचारायचं ते हे, की कागद कोणी लिहिलाय आणि कोणासाठी लिहिलाय. तुमच्या यादीत एकाच कागदावर तीन घरं आली आहेत, घोळ तिथे आहे.

पहिलंच घ्या, डी.सी. तुमच्या मिक्सरच्या अडॅप्टरवर डी.सी. छापलंय ते डायरेक्ट करंट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. आपल्या लोकलसुद्धा १९२५ पासून याच डी.सी.वर, १५०० व्होल्टवर धावायच्या. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डी.सी. बदलण्याचं शेवटचं काम २०१५ साली आटोपलं आणि तिथे सगळीकडे २५ हजार व्होल्टचा ए.सी. आला, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज. मुलीच्या पुस्तकातला डी.सी. मात्र इटालियन आहे: दा कापो, 'डोक्यापासून'. इथवर आलात, आता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाजवा. त्याच्या पुढे 'आल फीने' असेल तर पुन्हा सुरू करून जिथे 'फीने' लिहिलंय तिथे थांबायचं. डी.एस. म्हणजे दाल सेन्यो, 'खुणेपासून'. पानावर कुठेतरी एक एस असतो, त्याला तिरपी रेघ आणि दोन टिंबं. तिथून पुढे वाजवायचं, अगदी सुरुवातीपासून नाही. आणि 'कोडा' म्हणजे शेपूट. वर्तुळावर फुली असते ती त्याची खूण.

या दोन अक्षरांनी मला एकदा भर कार्यक्रमात घाम फोडला होता. आठ वादकांचे कागद मी रात्री दीड वाजता हाताने उतरवत बसले होते. पाच कागदांवर डी.एस. बरोबर लिहिलं, तिघांवर झोपेत डी.सी. दुसऱ्या दिवशी अंतरा संपला आणि पाच जण मुखड्यावर आले, तीन जण गाण्याच्या आधीच्या म्युझिकवर गेले. गायिका माइक धरून माझ्याकडे बघतेय, मी कीबोर्डकडे. वाचवलं तबलजीने. त्याच्यापुढे कागदच नव्हता, म्हणून तो बरोबर होता. त्याने ठेका धरून ठेवला, दोन आवर्तनांत सगळे गोळा झाले. त्या दिवसापासून मी 'डी.एस.' कधीच नुसतं लिहित नाही, शेजारी मराठीत 'खुणेवर या' असं लिहिते. वादक हसतात. हसू देत.

तुमच्या आईंना हे समजावायला मात्र इटालियन लागणार नाही. त्यांच्या भजनाच्या पुस्तकात पहिल्या कडव्याशेवटी दोन दंडांमध्ये 'धृ' छापलेलं असतं ना? ते ध्रुवपदाचं लघुरूप. (शुद्धलेखनवाले म्हणतील 'ध्रु' हवं, छापखान्यांनी 'धृ' रूढ केलं आणि ते आता हलणार नाही.) पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपदाचा पहिला शब्द आणि टिंबं असतात, की टाळकरी आपोआप वर जातात. डी.एस. करतो ते हेच काम. फरक इतकाच, की आपल्याकडे कुठे परतायचं ते गाणाऱ्याला आधीच माहीत असतं, कागद फक्त आठवण करतो. तिकडे आठ अनोळखी वादकांनी एकाच क्षणी परतायचं असतं, म्हणून खूण काटेकोर लागते.

आता पी, एमएफ वगैरे. स्वरांच्या ओळींखाली, तिरप्या ठाशीव वळणाची, छोटी अक्षरं दिसली की ती आवाजाच्या जोराची समजा. पी म्हणजे पियानो, हळू. एफ म्हणजे फोर्ते, जोरात. एम म्हणजे मेत्सो, मध्यम. म्हणून एमपी बेताचं हळू आणि एमएफ बेताचं जोरात. दोन पी म्हणजे फारच हळू. एसएफझेड म्हणजे स्फोर्झांदो, त्या एका स्वरावर एकदम जोर. गंमत अशी, की 'पियानो' हे वाद्याचं नावसुद्धा तोडलेलंच आहे. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ते वाद्य केलं तेव्हा त्याची ओळख होती 'पियानो ए फोर्ते' वाजणारं, म्हणजे हळूही आणि जोरातही वाजणारं. लोकांनी अर्धं नाव गाळलं. राहिलं ते नुसतं 'हळू', आणि हे वाद्य काही हळू नाही, हे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सांगतील.

तुमच्या मुलीच्या कीबोर्डवर एक सूचना. साध्या कीबोर्डवर पट्टी कशीही दाबा, आवाज तेवढाच येतो. टच सेन्सिटिव्ह असेल तरच पी आणि एफ हातातून निघतात. परीक्षक ते ऐकतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवून पी करणारी मुलं मी बघितली आहेत. ते चालत नाही.

ओळींच्या वर जी अक्षरं असतात ती बहुधा वेगाची. रिट. म्हणजे रितार्दांदो, हळूहळू लय उतरवत न्या. रॅल. म्हणजे राल्लेंतांदो, जवळपास तेच. अॅक्सेल. म्हणजे लय चढवा. ८ च्या पुढे बारीक व्ही-ए असेल तर ते ओत्ताव्हा: लिहिलंय त्याच्या एक सप्तक वर वाजवा. पानाच्या तळाशी व्ही.एस. असेल तर व्होल्ती सुबितो, 'पान चटकन उलटा', हे मला सगळ्यांत आवडतं कारण ते संगीत नाही, शुद्ध व्यवहार आहे. आणि एम.एम.: मेल्त्सेलचा मेट्रोनोम. योहान मेल्त्सेलने १८१५ मध्ये त्या टकटक करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 'एम.एम. बरोबर ६०' म्हणजे मिनिटाला ६० ठोके, सेकंदाला एक. आजची मुलं त्यालाच बीपीएम म्हणतात. जुन्या लाकडी मेट्रोनोमची पट्टी ४० पासून २०८ पर्यंत असते. विलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्यालाची एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा. त्या यंत्राने आपला विलंबित एकताल मोजायला घेतला तर ते पहिल्याच आवर्तनात राजीनामा देईल.

एक फसवं अक्षर सांगते. ओळींच्या सुरुवातीला, ताल लिहितात तिथे, इंग्रजी सी दिसतो आणि सगळे शिक्षक (मीसुद्धा, बरीच वर्षं) सांगतात की सी म्हणजे 'कॉमन टाइम', चार मात्रांचा. चार मात्रा बरोबर, पण तो सी हे अक्षरच नाही. मध्ययुगीन लेखनपद्धतीत पूर्ण वर्तुळ ही तीनाच्या तालाची खूण होती आणि अर्धवट वर्तुळ दोनाच्या विभागणीची. ते अर्धवट वर्तुळ छपाईत सी होऊन बसलं. नंतर लोकांनी त्याला सोयीचा शब्द शोधला.

अशीच उलटी तयार केलेली गोष्ट एसओएसची. 'सेव्ह अवर सोल्स' वगैरे नंतर चिकटवलेलं आहे. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ती खूण ठरली ती मोर्सच्या ठोक्यांसाठी: तीन लहान, तीन लांब, तीन लहान, सलग. ऐकायला सोपी म्हणून. आता हेच एसओएस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बघा. तिथे ते लॅटिन आहे, 'सी ओपस सित', गरज पडली तर. माझ्या मावशीने तापाच्या गोळीसमोर एसओएस वाचून धसका घेतला होता, की आपली तब्येत इतकी का बिघडली आहे. तिला चिठ्ठी कळत नव्हती असं नाही. तिने सिनेमातला अर्थ चिठ्ठीला लावला.

तुम्ही विचारलेलं टीडीएससुद्धा त्याच जातीचं. चिठ्ठीवर टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. पाण्याच्या फिल्टरवाल्याच्या तोंडी ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. आणि कार्यक्रमाचं मानधन हातात येतं तेव्हा ते आपल्याआधी सरकारकडे गेलेले पैसे. तुमच्या यादीत ते टीआरएसच्या शेजारी आलंय म्हणून वेगळं करते: टीआरएस म्हणजे टिप, रिंग, स्लीव्ह, मोठ्या जॅकच्या टोकावरचे तीन भाग. काळ्या रेघा दोन असतील तर टीआरएस, एक असेल तर टीएस. गिटारची वायर टीएस असते. दुकानात वायर घेताना रेघा मोजा, नावावर जाऊ नका.

एम.डी. तर विचारूच नका. आमच्यात एम.डी. म्हणजे संगीत दिग्दर्शक. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरची पदवी. कंपनीत व्यवस्थापकीय संचालक. पियानोच्या कागदावर 'मानो देस्त्रा', उजवा हात. काही काळ सोनीची मिनीडिस्कही होती. आणि हल्ली ठाण्याच्या पेपरात 'एमडीसह दोघांना अटक' असा मथळा येतो, तो मेफेड्रोनचा असतो. सकाळी चहा घेताना माझ्या पोटात एकदा गोळा आला होता, कारण त्याच रात्री आमचे एम.डी. फोन उचलत नव्हते.

सुराच्या उंचीच्या बाबतीत आपली आणि पाश्चात्त्य लघुरूपं एकमेकांत अडकतात, तिथे जरा थांबते, कारण तुमच्या घरात दोन्ही आहेत. पेटीवाले सूर सांगतात काळी एक, काळी दोन, पांढरी चार असा. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प. तबला घ्यायला गेलात तरी दुकानदार हेच विचारतो, 'कितीचा हवाय?' एकदा एका गायिकेने फोनवर कीबोर्डवाल्या मुलाला पट्टी पाठवली, इंग्रजी अक्षरांत: 'पी ५'. तिच्या मनात पांढरी पाच. मुलगा पाश्चात्त्य थिअरी शिकलेला. तिथे पी ५ म्हणजे 'परफेक्ट फिफ्थ', षड्ज-पंचमाचं अंतर. त्याने उलट विचारलं, 'कशापासून?' तिला वाटलं हा आगाऊपणा करतोय. दोघंही माझ्याकडे तक्रार घेऊन आली. दोघांचंही बरोबर होतं.

कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, बाबतीत लहान-मोठं अक्षर सांभाळा. सी च्या पुढे लहान एम असेल तर मायनर. मोठा एम किंवा 'मेज' असेल तर मेजर. हाताने घाईत लिहिताना एम कोणता, ते लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी कळत नाही. म्हणून मी मुलांना मायनरसाठी 'मिन' पूर्ण लिहायला लावते. विजेतही हाच नियम आहे: लहान एम म्हणजे हजारावा भाग, मोठा एम म्हणजे दहा लाखपट. आणि डीबीतला बी मोठा का, एचझेडमधला एच मोठा का? ती माणसांची नावं आहेत, अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि हाइनरिश हर्ट्झ.

आता आईंच्या पेटीच्या वहीकडे येते. आपल्या संगीतातलं सगळ्यांत मोठं लघुरूप आपल्याला लघुरूप वाटतच नाही. सा, रे, ग, म, प, ध, नी: षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. पूर्ण नावांनी अलंकार म्हणायला बसलो असतो तर श्वासच पुरला नसता. युरोपातल्या दो-रे-मीची गोष्टही अशीच. अकराव्या शतकात अरेत्सोच्या ग्वीदो नावाच्या साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं उचलली. प्रत्येक ओळ एकेक सूर वर सुरू होत होती. तिकडे स्तोत्राचे तुकडे, इकडे स्वरांच्या नावांचे.

पण आईंनी जे टिंब विचारलंय तिथे खरी मेख आहे. त्या म्हणतात, एका पुस्तकात 'नी'च्या डोक्यावर टिंब आहे आणि चाल खाली जाते, दुसऱ्यात तसंच टिंब आहे आणि चाल वर जाते. कोणतं पुस्तक चुकलं? एकही नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१), दोघांनी आपापली लेखनपद्धती केली. भातखंडे पद्धतीत टिंब खाली म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, टिंब वर म्हणजे तार (वरचं). पलुस्कर पद्धतीत टिंब वर म्हणजे मंद्र, आणि तारसाठी स्वरावर उभी रेघ. म्हणजे डोक्यावरचं तेच टिंब एकाकडे वर पाठवतं, दुसऱ्याकडे खाली. भातखंड्यांकडे उभी रेघ असते ती तीव्र मध्यमावर. तालाचंही तसंच. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली' म्हणजे टाळी न देता हात सोडायची जागा. भातखंडे समेला फुली करतात आणि खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिक चिन्ह. फुली आणि अधिक हाताने लिहिताना किती वेगळे दिसतात ते बघा, आणि एक सम आहे, दुसरं खाली. पेटीवर सम चुकून खालीवर आली तर तबलजी एकदाच बघतो, पण ते बघणं पुरतं.

म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी मागची-पुढची पानं चाळा, स्वरलिपीच्या खुणांचं एक पान असतंच. तेच नेमकं झेरॉक्स काढताना वगळलं जातं. भजनी मंडळात फिरणारे बहुतेक कागद असे अनाथ असतात. अशा वेळी कोमल स्वर बघा: स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, पाय मोडल्यासारखी हलंताची खूण असेल तर पलुस्कर. तेवढ्यावर पद्धत ओळखता येते आणि मग टिंबही जागेवर येतं. वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे, ते पलुस्करांच्या परंपरेचं. पण त्या परीक्षांना बसणारी मुलंसुद्धा भातखंडे लिपीतली पुस्तकं सर्रास वापरतात, त्यामुळे नुसत्या संस्थेच्या नावावरूनही अंदाज बांधू नका.

बीडब्ल्यूव्ही वगैरे पटकन आटपते. रचनेच्या नावापुढे आकड्याआधी जी अक्षरं असतात ती कॅटलॉगची: ओपी. म्हणजे ओपस, रचनाकाराचं 'काम क्रमांक अमुक'. के. म्हणजे क्योखेल, ज्याने १८६२ मध्ये मोझार्टच्या रचनांची यादी केली. बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांची १९५० ची जर्मन यादी. पण तुमच्या मुलीच्या पुस्तकातल्या 'मिन्युएट इन जी'च्या पुढे बीडब्ल्यूव्हीनंतर 'ए-एन-एच ११४' आहे, ते सोडून पुढे जाऊ नका. ए-एन-एच म्हणजे 'आनहांग', परिशिष्ट. जे बाखचं आहे याची खात्री नाही ते परिशिष्टात टाकलं. आणि खरोखरच तो तुकडा बाखचा नाही, क्रिस्टियान पेत्सोल्डचा आहे; बाखच्या बायकोच्या वहीत उतरवलेला होता म्हणून बरीच वर्षं बाखच्या नावावर खपला. परीक्षेच्या तोंडीत मुलीने हे सांगितलं तर परीक्षक खुर्चीत सरळ बसेल.

(अक्षरांवरून माणूस शोधायला गेलं की आपल्याकडेही असंच होतं. ठाण्याचे गीतकार पी. सावळाराम. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. आद्याक्षरं जुळवत बसलात तर सापडायचे नाहीत.)

एलपी आणि ईपी: लाँग प्ले आणि एक्स्टेंडेड प्ले. एलपी कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे. ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आरसीए व्हिक्टरची, १९४९ ची, आणि ईपी त्या आकारात निघायची. आता तबकड्या फारशा दिसत नाहीत, पण चार-पाच गाण्यांचा संच निघाला की मुलं त्याला ईपी म्हणतात. शब्द राहिला, तबकडी गेली.

मिडी म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, १९८३ पासूनचं. यात लोक एकच चूक करतात: मिडीला आवाज समजतात. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातात त्या सूचना: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने, आता सोडली. जोर ० ते १२७ मध्ये मोजतात. पत्र आणि पत्र वाचणारा यात जो फरक, तो मिडी आणि आवाजात. म्हणून तीच मिडी फाइल तुमच्या कीबोर्डवर बासरी वाजवेल आणि स्वस्तातल्या दुसऱ्यावर शिट्टी. जीएम लिहिलं असेल तर जनरल मिडी, त्यात वाद्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि चॅनल १० तालवाद्यांचा. आम्ही वागळे इस्टेटजवळ स्टुडिओ घेतला होता तेव्हा कुरियरच्या पोऱ्याला 'मिडी कीबोर्ड यायचाय' सांगितलं की तो दरवेळी 'एमआयडीसीत कुठे?' विचारायचा. तुमच्याकडे टीटीसी या औद्योगिक पट्ट्याच्या नावावरूनही होत असेल असं काहीतरी.

राहिला तुमचा मिक्सर, आणि हे गणपतीआधी वाचा. पीएफएल म्हणजे प्री-फेडर लिसन. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं वर-खाली सरकणारं बटण. फेडर खाली असतानाही पीएफएल दाबलं की तो माइक तुमच्या हेडफोनमध्ये येतो, लोकांपर्यंत जात नाही. आरतीआधी गुरुजींचा माइक चालू आहे का, ते 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' न करता असं बघायचं. एएफएल म्हणजे फेडरच्या नंतरचं ऐकणं. ऑक्स म्हणजे ऑक्झिलरी, बाजूची वाट. गाणाऱ्याच्या समोरच्या मॉनिटरला आवाज बहुधा तिथूनच देतात. एफएक्स म्हणजे इफेक्ट्स, आणि भजनात इको कमी ठेवा, शब्द बुडतात. ४८ व्ही म्हणजे फँटम पॉवर, कंडेन्सर माइकला लागते. लावताना-काढताना फेडर खाली हवा, नाहीतर 'फट्' असा आवाज होऊन लहान मुलं रडतात. एफओएच म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेले मुख्य स्पीकर आणि त्यांचा मिक्सर. एक्सएलआरचा 'एक्स्ट्रा लेफ्ट राइट' असा अर्थ मी एका मांडववाल्याकडून ऐकला होता आणि त्याने तो इतक्या आत्मविश्वासाने सांगितला की मी वाद घातला नाही. कॅनन कंपनीची एक्स मालिका, तिला खटका म्हणजे लॅच आला तो एल, मग रबर आलं तो आर. आतली पिन १ जमिनीची, २ आणि ३ आवाजाच्या.

आणि डीबी. डेसिबल एकट्याने काही सांगत नाही. कशाच्या तुलनेत, ते त्याच्या पुढच्या अक्षरांत असतं. मिक्सरवरचं शून्य डीबी आणि पोलिसांच्या मीटरवरचे ५५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पोलिसांचं मोजमाप असतं 'डीबी कंसात ए': तो ए म्हणजे माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात त्याप्रमाणे केलेली वजावट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ आहे; शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. तुमच्या सोसायटीजवळ शाळा किंवा दवाखाना असेल तर तो मुद्दा आधी बघून ठेवा. ३ डीबी वाढले म्हणजे अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, आणि ऐकणाऱ्याला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात. म्हणून 'जरासाच वाढव' म्हणणाऱ्या काकांसाठी एक फेडर ठेवा, कुठेही न जोडलेला.

यादीतलं शेवटचं उरलं: मुलीच्या वहीत पेन्सिलीने 'टी.यू.' लिहिलंय, दोनदा अधोरेखित. ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते छापलेलं नाही, तिच्या बाईंचं आहे. 'थंब अंडर' म्हणजे अंगठा खालून ने, असं असण्याची शक्यता दाट, कारण ते स्केलच्या शेजारी आहे. पण शनिवारी क्लासला गेली की विचारायला सांगा. हसण्यावारी नेऊ नका. मी स्वतः मुलांच्या वहीत 'न. का.' लिहिते, म्हणजे 'नखं कापून ये'. एका वडिलांनी ते 'नका' असं वाचलं आणि मुलाला तो तुकडा महिनाभर वाजवू दिला नाही.